मरळीच्या मेंदूचे एकोणीस कागद

सोयाबीन काढणीला आलं की हवेला एक कोरडा, तेलकट, जरासा कडवट वास येतो. आमच्या लहानपणी हा वास नव्हता. तेव्हा या दिवसांत रानात ज्वारी असायची आणि घरात उडदाच्या टरफलांचा धुरळा. आता नांदेडहून लातूरला निघालं, लोहा मागं पडलं, की दोन्ही अंगांनी मळणीयंत्रं घुमत असतात आणि एसटीच्या खिडकीतून भूस आत येतं. परवा असाच चाललो होतो. अहमदपूरच्या पुढं परतीच्या पावसाची सर आली. खिडकीची काच सरकेना, शेजारचा माणूस म्हणाला, "राहू द्या सर, दोन मिंटाचा खेळ हाय." खरंच दोन मिनिटांचाच होता. पण तेवढ्या वेळात शर्टाची डावी बाही भिजली, आणि मला ती दिवाळीच्या आधीची सुट्टी नसलेली, माणूस नसलेली दोन महिन्यांची मुदत आठवली.

त्या वर्षी आमची ऋतुजा अकरावीला होती. तिच्यासाठी आम्ही लातूरला रूम केली होती. 'रूम करणं' हे आमच्याकडं आता लग्न करणं, बोअर घेणं यासारखंच क्रियापद झालंय. पोरगं किंवा पोरगी क्लासला घालायची, एक खोली भाड्यानं घ्यायची, आणि आईनं दोन वर्षं तिथं जाऊन पोळ्या लाटायच्या. बापानं आपल्या गावी राहून नोकरी करायची. माझी बायको शोभा राहायला गेली त्या गल्लीत सगळ्या अशाच बाया होत्या. मुखेडची एक, देगलूरची एक, निलंग्याच्या दोन. संध्याकाळी त्या पायरीवर बसून पोरांचे टेस्टचे मार्क एकमेकींना सांगत. नवऱ्यांचा विषय निघाला तर एवढाच, की खातो का नाही कुणास ठाऊक.

मी खात होतो. खिचडी, नाहीतर वरण-भात. एका माणसाला वरण करायला गेलं की ते तीन वेळचं होतं, हे मला तेव्हा कळलं. घरात टीव्ही लावून ठेवायचो, आवाज असावा म्हणून. शनिवारी दुपारची एसटी धरून लातूर, रविवारी संध्याकाळी परत. पुढं पुढं शनिवारही सुटायला लागले, कारण माझ्या मागं पीएच.डी. लागली होती.

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी कुठंही सांगतो, लाज नाही, उलट जरा जास्तच सांगतो असं शोभा म्हणते. देवणीजवळच्या आमच्या गावात वडील लोकांची जनावरं राखायचे. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालो तेव्हा आईनं विचारलं होतं, "म्हंजे आता जनावराचा डॉक्टर का?" मी म्हटलं, "न्हाई, माशाचा." तिनं शेजारणीला तसंच सांगितलं. त्यानंतर लातूरला सरांकडं एम.फिल. झालं, नांदेडला कॉलेजात नोकरी लागली, आणि पीएच.डी. राहून गेली ती राहूनच गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर येऊन नोंदणी केली, त्याच आमच्या सरांकडं. सर केव्हाच रिटायर झाले होते. मी त्यांचा शेवटचा विद्यार्थी. दिवाळीपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर त्यांची मार्गदर्शक म्हणून मुदत संपणार, माझी नोंदणी रद्द होणार, आणि मी जसा होतो तसाच 'सर' म्हणून रिटायर होणार. वेळ होता दोन महिने.

विषय तोच जुना. मरळ माशाचा मेंदू. मांजरेच्या पाण्यातली मरळ मोठी चिवट, पाण्याबाहेर काढली तरी तासन् तास दम धरते. तिचा मेंदू मात्र शेंगदाण्याएवढा. तो मेणात बसवायचा, मायक्रोटोमच्या पात्याखाली त्याचे एकामागून एक पातळ काप काढायचे, काचेवर चिकटवून जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवायचे. मग सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावायचा. नाव मोठं आहे, पण ते आरशाचं एक साधं जोडकाम असतं. त्यातून बघितलं की एकाच डोळ्याला काचेवरचा कापही दिसतो आणि शेजारच्या कागदावरची आपली पेन्सिलही. कापाच्या कडेवरून पेन्सिल फिरवत जायची. मग तीच रेघ शाईनं गिरवायची, आणि शेवटी हातात आरपार दिसणाऱ्या बटर पेपरवरची एक आकृती उरते. भूकंप झाला त्या वर्षी आम्ही दोघांनी अशा एकशे बारा आकृत्या काढल्या होत्या.

आम्ही दोघं म्हणजे मी आणि महानंदा. सरांकडं एम.फिल.ला दोघंच होतो. ती औशाच्या पलीकडची, डावखुरी. कॅमेऱ्याचा आरसा उजव्या बाजूला, त्यामुळं तिला अंग वळवून, कागदाच्या वर हात आणून काढावं लागायचं. पण रेघ अशी, की मध्ये कुठं पेन उचललंय ते सापडू नये. मी खोडरबराचा माणूस. सर म्हणायचे, "माधव, तू नंबर टाक, तेवढं तुला जमतं." ते मस्करीत म्हणायचे आणि मला लागायचं. आकृती कुणीही काढो, कोपऱ्यातला नंबर मी टाकायचो. आम्ही एकमेकांना शेवटपर्यंत 'अहो-जाहो'च करत राहिलो. एका टेबलावर दोन वर्षं बसून तिच्या घरात किती माणसं आहेत हे मला माहीत नव्हतं.

ते गणपती विसर्जनानंतर भूकंप झाला त्या पहाटे कळलं. म्हणजे कळायला चार दिवस गेले. लातुरात आम्ही सगळे मैदानात बसून होतो, जो तो दुसऱ्याला गावाचं नाव विचारत होता आणि उत्तर ऐकून पुढच्याकडं वळत होता. ती गणपतीला गावी गेलेली. वडील आणि धाकटा भाऊ गेले, आई आणि ती राहिली. महिन्याभरानं ती प्रयोगशाळेत आली. अंगावर कुणीतरी वाटपात दिलेली, तिच्या उंचीला आखूड पडणारी साडी. मी विचारलं, "आलात?" ती म्हणाली, "आले." त्यापुढं काय बोलायला हवं होतं ते मला आजही ठाऊक नाही.

इमारतीला भेगा गेल्या होत्या म्हणून आमचं टेबल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेलं. मी शेडमध्ये फारसा बसत नव्हतो, मदत केंद्रावर नावं लिहायला जात होतो. ती मात्र रोज यायची. तिनं एकटीनं उरलेल्या एकोणीस कापांच्या आकृत्या काढल्या, त्यावर नंबर टाकले आणि गठ्ठा करून माझ्यासमोर ठेवला. तपासायचं काम माझं. मी आकृती कापाशेजारी धरून बघितली. जुळेना. बाह्यरेषा साधारण तीच, पण आतलं काही जागेवर नाही. डावीकडं जे मोठं हवं ते बारीक, उजवीकडं भलतंच काही. एकोणीसच्या एकोणीस तशाच.

सरांनी विचारलं, "काय रे, जुळतात का?"

"न्हाई सर. तिचं ध्यान नाही हो कामात. कसं असंल?"

सरांनी मान हलवली. कुणाचीही तशी हलली असती. तिला बोलावून ते अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, तू घरी जा. आईपाशी राहा. डिग्रीचं काय, पुढं बघू." ती निघाली. दारात चप्पल घालताना तिनं एकदा टेबलाकडं बघितलं. 'बिचारी' हा शब्द त्या दिवशी शेडमध्ये तीन वेळा तरी उच्चारला गेला, त्यातला एकदा माझ्या तोंडून. माझ्या एम.फिल.च्या प्रबंधात एक वाक्य गेलं: उरलेल्या एकोणीस आकृत्या सदोष असल्याने वगळल्या आहेत. पुढं तिनं बी.एड. केलं, शाळेवर लागली, आणि लातुरात क्लासेसचं पेव फुटलं तेव्हा जीवशास्त्र शिकवायला एका क्लासमध्ये गेली, हे मला सगळं कानावर होतं. ऋतुजाच्या प्रवेशाला गेलो तेव्हा ती एका जिन्यातून उतरताना दिसलीही. मी भिंतीवरच्या फ्लेक्सकडं तोंड केलं, आणि ती जाईपर्यंत गुणवंतांची नावं वाचत उभा राहिलो.

आता बावीस वर्षांनी तेच काम कॉम्प्युटरवर करायचं होतं. एका कार्यशाळेत मी ते शिकून आलो होतो. कापाचा फोटो खाली ठेवायचा, स्कॅन केलेली आकृती त्याच्यावर, आणि वरचा थर अर्धा पारदर्शक करायचा. मग आकृती सरकवायची, फिरवायची, किंचित लहान-मोठी करायची, जोवर काळी रेघ जांभळ्या कडेवर बसत नाही तोवर. बसली की समजायचं, त्या वेळचा हात खरा होता. असे सगळे थर रचले की पडद्यावर मेंदू उभा राहतो, आणि तो माऊसनं गोल फिरवून बघता येतो.

या कामाला डोकं लागत नाही, पण दुसरं काही करू देत नाही. केसाएवढं डावीकडं, केसाएवढं वर. मेणात काप आकसतो, पावसाळ्यात कागद फुगतो, काच ठेवताना कडेला सुरकुती पडते. कुणीच कुणावर तंतोतंत बसत नाही. किती सोडायचं आणि किती धरायचं एवढंच ठरवायचं असतं. त्या रिकाम्या घरात मला वाटायचं, आपण आणि आपली माणसंही अशीच. शोभाचा फोन यायचा. "काय करून राहिलात?" "जुळवून राहिलो." "जेवलात?" "हाव." "काय?" मग मी काहीतरी चांगल्या भाजीचं नाव सांगायचो.

त्र्याण्णव आकृत्या बसल्या. काहींत तर महानंदाची रेघ अशी बसली की वरचा थर आहे की नाही ते कळेना. पण मधल्या एकोणीस बसेनात. आणि नेमका त्याच एकोणीसांत, मेंदूच्या मधोमध, माझ्या प्रबंधाचा जीव होता. त्या एकोणीस कापांतल्या चौदांच्या काचा सामान हलवताना फुटल्या होत्या, पाचच शिल्लक. फुटलेल्या चौदांचं जगात जे काही उरलं ते तिच्या कागदावर. सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जुळवायचं एक बटण आहे. ते दाबलं तर त्यानं तिची आकृती ओढूनताणून मेंदूचं भरताचं वांगं केलं. सरांना फोन केला. सर म्हणाले, "मधलं अंदाजानं भर. मागच्यापुढच्यावरून येतं की." मी म्हटलं, "न्हाई जमणार सर." अंदाजानं भरायचं असतं तर मी इतकी वर्षं थांबलो नसतो. हा माझा माज होता, पण होता.

मग एका रविवारी दुपारी, शोभा असती तर झालीच नसती अशी गोष्ट झाली. मी ताट घेऊन कॉम्प्युटरपुढं जेवत होतो. वरणाचा एक थेंब एका कागदावर पडला, अगदी नंबरापाशी. ओल्या फडक्यानं पुसला, तर निळा नंबर फरफटत शेजारच्या रेघेवर आला. पण रेघ जागची हलली नाही. तिच्यावर पाणी लागल्याची खूणही नाही. मी कागद उलटा केला. बोटाचं नख फिरवून बघितलं. रेघेची शाई त्या बाजूला होती, हाताला जराशी उंच लागत होती. नंबर या बाजूला.

मी दुसरा कागद घेतला. तिसरा. एकोणीसच्या एकोणीस. डावखुऱ्या माणसाचा हात ओल्या शाईवरून जातो. बटर पेपरवर ती शाई लवकर वाळत नाही. म्हणून तिनं आकृती काढून झाली की कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला नंबर टाकले होते. मी बघितला तो नंबर. नंबर सरळ दिसतो ती बाजू वर, हे मी धरूनच चाललो होतो. बावीस वर्षांपूर्वीही, स्कॅन करतानाही. आरपार दिसणाऱ्या कागदावर मी तिच्या सगळ्या आकृत्या उलट्या बाजूनं वाचल्या होत्या. मेंदू दोन्हीकडं सारखाच दिसतो, म्हणून उलटं आहे हे ओळखू येत नाही. पण पातं जरा तिरकं बसलेलं असतं, डावी बाजू उजवीच्या थोडी पुढं कापली जाते. तेवढ्यानं काहीच जुळत नव्हतं.

आकृती डावी-उजवी उलटवायला कॉम्प्युटरला एक क्लिक लागतं. मी केलं. रेघ खाली उतरली आणि कडेवर बसली. शिल्लक पाची कापांवर बसली. नुकतंच घर गेलेल्या, बाप आणि भाऊ गेलेल्या बाईचा हात कुठंही, एका ठिकाणीही, थरथरला नव्हता.

पहिला अर्धा तास मला नुसता आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पीएच.डी. वाचली होती. ताट तसंच वाळत पडलं होतं. मग आनंद ओसरला, आणि घर जितकं होतं त्याहून रिकामं झालं. फोन उचलून सांगावं असं एकच माणूस होतं, आणि त्यालाच सांगण्याचं तोंड नव्हतं.

सरांकडं गेलो. म्हटलं, "सर, नव्या प्रबंधात लिहितो. जुनं वाक्य चूक होतं म्हणून."

"गुमान उलटव आणि जमा कर. कोण बघतंय?"

"तिला आपण घरी पाठवलं सर."

"तिच्या भल्यासाठी पाठवलं."

"हाव सर. पण आकृत्या बरोबर होत्या."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लिही. पण मार्गदर्शकानंही तपासलं नाही, हे बी लिही. एकट्यानंच मोठा होऊ नको."

लातूरला क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन बॅचच्या मधल्या वीस मिनिटांत महानंदा भेटली. केस अर्धे पांढरे, गळ्यात माईकची वायर. मला बघून म्हणाली, "या माधवराव. पोरगी चार महिने झाले माझ्यापुढं बसते, आणि बाप आत्ता आला. फ्लेक्स वाचून झाला का सगळा?"

मी मान खाली घालून लॅपटॉप उघडला. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. एक एक आकृती उलटवून कापावर बसवून दाखवली. पाचवी बसेपर्यंत ती पडद्याकडं वाकून बघत राहिली.

"नंबर मागं टाकले होते मी," शेवटी ती म्हणाली. "शाई फासायची हाताला."

"सांगितलं का नाही तुम्ही?"

"कुणी विचारलं? सगळे म्हणले, घरी जा. आणि मला बी खरंच वाटलं, नसंल जुळत. त्या दिवसांत माझं काय जुळत होतं?" ती खिडकीबाहेर बघत होती. "त्याच्यानंतर मी आकृती काढली नाही. पोरांना बोर्डावर बी काढून देत नाही, छापील देते. म्हटलं, आपला हात त्या वर्षी गेला."

खाली रस्त्यावर पाठीला दप्तर लावलेली शे-दोनशे पोरं एका क्लासमधून दुसऱ्याकडं चालली होती. मी म्हटलं, "माझ्यामुळं झालं हे." तिनं घड्याळाकडं बघितलं. विचारलं, "छापायच्या आधी मला एक प्रत मिळंल का बघायला?" मी बरोबर आणलेली कच्ची प्रत तिच्यापुढं ठेवली. घंटा झाली. "चला, माझी पोरं आलीत," म्हणून ती माईक चालू करत उठली. माफीचा विषय तिनं काढला नाही. मला तो काढायचा धीर झाला नाही.

शोभाच्या खोलीवर गेलो. तिनं वाढलेलं जेवण मी नीट बसून खाल्लं. ऋतुजा म्हणाली, "पप्पा, आमच्या बाई लई खवट आहेत, अर्धा मार्क सोडत नाहीत." मी म्हटलं, "नकोच सोडायला."

प्रबंध जमा करायला तीन दिवस उरले असताना प्रत परत आली. शोभानं एसटीच्या पार्सलनं पाठवली होती, महानंदाबाईंनी ऋतुजाजवळ दिली म्हणून. ऋणनिर्देशातलं तिच्याबद्दलचं माझं मोठं, घळघळीत वाक्य तिनं लाल पेनानं सरळ खोडलं होतं आणि वर फक्त लिहिलं होतं: 'आकृती ७४ ते ९२ : महानंदा.' चुकीच्या कबुलीला हात लावला नव्हता. पुढं ब्याऐंशीव्या आकृतीपाशी समासात लाल अक्षरं होती: 'ही दोन मिलिमीटर डावीकडं सरकलीय. खालची खाच बघा, तिथून धरा.' शब्दांवर भरवसा नसावा तशी शेजारी तिनं ती खाच काढून दाखवली होती. अंगठ्याएवढी आकृती. एका दमात ओढलेली रेघ, कुठंही न उचललेली.

मी कॉम्प्युटर लावला. ब्याऐंशी उघडली, मोठी केली, खाच शोधली. तिचं बरोबर होतं. प्रिंटरवाल्याला फोन करून सांगितलं, अजून छापू नका, एक दुरुस्ती आहे. तो वैतागला, म्हणाला, "आता काय दुरुस्ती सर, तीनच दिवस राहिलेत."

म्हटलं, "दोन मिलिमीटरची." आणि रेघ उजवीकडं सरकवायला बसलो.